पूलमध्ये नेम कसा धरावा, आणि त्यावर वाद कसा घालावा

पूल म्हणजे क्यू नावाच्या काठीने पांढरा बॉल मारायचा आणि त्याच्या टकरीने रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालायचा, असा खेळ. इंदुरात पूल पार्लरमध्ये नवा माणूस दोन-तीन सोपे बॉल चुकला की शेजारच्या टेबलावरून सल्ला येतोच. कॉलेजचा एखादा मुलगा म्हणतो, "भिया, पतला काटो," म्हणजे पांढरा रंगीत बॉलच्या कडेला कमी लागू द्या. त्याचा जोडीदार सांगतो, बॉलला जिथे लागायला हवं तो बिंदू बघा आणि बिनधास्त मारा. आणि स्नूकरवर, म्हणजे पूलच्याच भाऊबंद खेळावर, हात बसलेले एखादे काका म्हणतात, "नेमाची सिस्टीम वगैरे काही नसतं हो, मारत राहा, डोळा आपोआप बसतो." तिघांचंही ऐकून माणूस दर शॉटला काहीतरी वेगळं करतो आणि महिन्यानंतरही जिथल्या तिथेच असतो.

गोंधळाचं कारण असं की नेम म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत. टक्कर होते त्या क्षणी पांढरा बॉल नेमका कुठे असायला हवा? हा भूमितीचा प्रश्न, त्याचं उत्तर पक्कं आहे. ती जागा मला क्यूच्या मागे उभं राहून कशी दिसणार? हा नजरेचा प्रश्न, त्याचं उत्तर माणसागणिक बदलतं. आणि मी ठरवलं तिथे पांढरा जातो का, गेल्यावर रंगीत बॉल भूमितीप्रमाणे निघतो का? हा हाताचा आणि घर्षणाचा प्रश्न. पार्लरमधले बहुतेक वाद चिघळतात ते एक जण पहिल्या प्रश्नावर बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्यावर, म्हणून. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. फक्त हाताची तपासणी सगळ्यात आधी ठेवली आहे, कारण तिच्याशिवाय बाकी काही पडताळता येत नाही.

आपल्याकडचा एक संदर्भ ध्यानात ठेवा. स्नूकरचा जन्मच मध्य प्रदेशातला, 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमधला. राष्ट्रीय बिलियर्ड्स-स्नूकर स्पर्धा इंदुरात भरल्या आहेत आणि अमी कमानी याच शहरातली खेळाडू. त्यामुळे इथल्या जुन्या खेळाडूंची नजर आणि बोली दोन्ही स्नूकरची. ते सांगतात ते चूक नसतं, पण स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा आणि पूलचा 57.15 मिलिमीटरचा, म्हणजे पूलचा बॉल मोठा, बरोबर सव्वादोन इंच. पॉकेटचा आकारही वेगळा. म्हणून स्नूकरच्या टेबलावर डोळ्यात बसलेलं चित्र पूलच्या टेबलावर जसंच्या तसं चालत नाही.

आधी बॉल बघून घ्या

टेबलचे पैसे तासावर मोजले जातात, म्हणून कोणी हे करत नाही. तरी दोन मिनिटं द्या. पांढरा बॉल आणि कुठलाही रंगीत बॉल शेजारी-शेजारी ठेवा आणि दोघांवर एखादं ताठ कार्ड आडवं टेकवा. कार्ड कलतं राहिलं तर पांढरा वेगळ्या मापाचा आहे. हरवलेल्या पांढऱ्याच्या जागी दुसऱ्या सेटमधला आणून ठेवलेला असतो, झिजलेला असतो, असं पुष्कळदा होतं. मग तुम्ही कितीही बरोबर नेम धरलात तरी टक्कर वेगळ्याच उंचीवर होते. दुसरा पांढरा मागा, पार्लरवाले देतात.

बॉलवर चॉकचे डाग आणि हाताचा मेणचटपणा असेल तर कोरड्या कापडाने पुसून घ्या. याचं महत्त्व चौथ्या पायरीत कळेल.

पहिली पायरी: पांढरा सरळ जातो का

टेबलच्या आडव्या कुशनवर, म्हणजे आखूड बाजूच्या काठावर, मधोमध एक डायमंड, म्हणजे खूण, असतो. पांढरा हेड स्पॉटवर, म्हणजे टेबलच्या तुमच्याकडच्या पाव भागावर मधोमध असलेल्या जागेवर ठेवा, समोरच्या कुशनच्या मधल्या डायमंडवर मध्यम जोराने मारा, आणि शॉट झाल्यावर क्यू तिथेच धरून ठेवा. पांढरा कुशनला लागून परत येऊन तुमच्या टिपला, म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकाला, लागला पाहिजे.

चूक झाली तर ती नीट वाचा. पांढरा डायमंडलाच लागला नाही, तर तुमच्या क्यूची दिशाच वाकडी होती. डायमंडला बरोबर लागला पण परत येताना उजवीकडे सरकला, तर तुम्ही नकळत उजवी साइड दिलीत, म्हणजे टिप पांढऱ्याच्या मध्याच्या उजवीकडे लागली. दोन्ही चुका नेमाच्या वाटतात, पण दोन्ही हाताच्या आहेत. दहापैकी सहा-सात वेळा तरी पांढरा टिपच्या आसपास परत येत नसेल तर कुठल्याही सिस्टीमवर मत बनवू नका. सिस्टीम बरोबर असेल आणि हात चुकवेल. किंवा सिस्टीम चुकीची असेल, हातही चुकेल, आणि दोन चुका मिळून बॉल पॉकेटमध्ये जाईल. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण माणूस चुकीची गोष्ट शिकून बसतो.

उभं राहण्याची एकच गोष्ट सांगतो. नेम उभ्याने ठरवा, वाकून नाही. पांढऱ्याच्या मागे, शॉटच्या रेषेवर उभे राहा, रेषा बघा, मग त्या रेषेवरच पाय टाका आणि खाली या. आधी वाकून मग क्यू इकडे-तिकडे फिरवून नेम शोधणारा माणूस शरीर एका दिशेला आणि क्यू दुसऱ्या दिशेला अशा अवस्थेत मारतो. शिवाय तुमचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो. दोन बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत लांबवर ठेवून खाली वाका आणि डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवून बघा. एका जागी ती रेषा सरळ दिसेल. डोकं दर वेळी तिथेच आलं पाहिजे. कोणाच्या हनुवटीखाली क्यू असतो, कोणाच्या एका डोळ्याखाली. दुसऱ्याची नक्कल करू नका.

दुसरी पायरी: घोस्ट बॉल

रंगीत बॉलच्या मध्यापासून पॉकेटच्या मध्यापर्यंत रेषा मनात ओढा आणि ती बॉलच्या मागच्या बाजूला बाहेर काढा. रेषा जिथून बाहेर पडते तो संपर्कबिंदू. पांढरा तिथे लागला की रंगीत बॉल पॉकेटकडे जाणार.

इथेच नव्या माणसाची पहिली मोठी चूक होते. तो पांढऱ्याचा मध्य त्या बिंदूवर रोखतो. पण पांढराही गोल आहे. कट शॉटमध्ये, म्हणजे रंगीत बॉल पांढऱ्याच्या वाटेपासून कोनात काढायचा असतो तेव्हा, त्याचा मध्य कधीच त्या बिंदूला लागत नाही, त्याची बाजू लागते, आणि ती आधीच लागते. कॅरम खेळलेल्यांना हे हाताने माहीत असतं, स्ट्रायकरची कड सोंगटीला लागते. फक्त तिथे वरून दिसतं आणि इथे टेबलाच्या उंचीवरून बघावं लागतं. चूक किती होते तेही सांगतो. 30 अंशांचा कट हवा असताना पांढऱ्याचा मध्य संपर्कबिंदूवर रोखलात तर कट पडतो साधारण 14.5 अंशांचा. निम्माच. बॉल पॉकेटच्या जवळपासही जात नाही. पार्लरमधला "पतला काटो" हा सल्ला जन्मतो तो इथूनच. सल्ला खराच आहे, पण किती पातळ ते तो सांगत नाही.

किती पातळ ते घोस्ट बॉल सांगतो. टक्करीच्या क्षणी पांढरा जिथे असेल तिथे एक न दिसणारा बॉल आहे असं समजा, रंगीत बॉलला चिकटून, पॉकेटच्या रेषेवर मागे. तुमच्या पांढऱ्याचा मध्य त्या न दिसणाऱ्या बॉलच्या मध्याकडे जायला हवा. दोन्ही मध्यांमधलं अंतर कायम 57 मिलिमीटर, कोन कुठलाही असो.

हे डोळ्यात बसवायचं तर खरा बॉल ठेवून बघा. सराव करताना एक जादा बॉल घ्या, रंगीत बॉलला मागून चिकटवून पॉकेटच्या रेषेत ठेवा, मग पांढऱ्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि त्या जादा बॉलचा मध्य कुठे दिसतो ते बघा. रंगीत बॉलच्या कडेच्या आत आहे, कडेवर आहे की बाहेर? ते मनात धरा, जोडीदाराला जादा बॉल उचलायला सांगा आणि मारा. चुकलं तर पुन्हा मांडा. या एका सरावावर पहिले दोन आठवडे घालवलेत तरी वाया जाणार नाहीत.

जोडीदार नसेल तर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापा. तिच्यावर एका टोकाजवळ एक ठिपका आणि तिथून 57 मिलिमीटरवर दुसरा. पहिला ठिपका रंगीत बॉल जिथे कापडाला टेकतो त्याच्या बाजूने जुळवायचा, पट्टी पॉकेटच्या रेषेत ठेवायची, दुसरा ठिपका म्हणजे घोस्ट बॉलची जागा. बघून झालं की पट्टी काढून घ्या. कापडावर चॉकने किंवा पेनने खुणा करू नका, चिकटपट्टी तर अजिबात नको. कापड महाग असतं आणि मालक दुसऱ्यांदा टेबल देणार नाही.

घोस्ट बॉलची खरी अडचण एवढीच की तो हवेत आहे. दीड मीटरवरून रिकाम्या जागेवर नजर रोखणं कठीण जातं. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे: संपर्कबिंदू रंगीत बॉलच्या मध्यापासून तुम्हाला बाजूला जेवढा दिसतो, त्याच्या बरोबर दुप्पट बाजूला पांढऱ्याचा मध्य रोखा. दोन सारखे बॉल असले की भूमिती हेच सांगते. बिंदू मध्य आणि कडेच्या अर्ध्यावर दिसला, तर नेम कडेवर. बिंदू कडेजवळ दिसला, तर नेम कडेच्या पुष्कळ बाहेर, हवेत. माझ्या मते नवख्या माणसाला एकच युक्ती द्यायची तर ही द्यावी.

तिसरी पायरी: पाऊण, अर्धा, पाव

स्नूकरवाले काका ज्याला "हाफ बॉल" म्हणतात ती ही पद्धत. समोरून बघताना पांढऱ्याने रंगीत बॉलचा किती भाग झाकला, यावर कोन ठरतो. पूर्ण झाकला तर सरळ. पाऊण झाकला तर साधारण 14.5 अंश, अर्धा झाकला तर 30 अंश, पाव झाकला तर 48.6 अंश. अर्धा बॉल सगळ्यात कामाचा, कारण त्याची खूण डोळ्यांसमोर आहे: क्यू सरळ रंगीत बॉलच्या कडेवर रोखायचा. पाऊण बॉलला क्यू मध्य आणि कडेच्या अर्ध्यावर. पाव बॉलला क्यू कडेच्या बाहेर, साधारण 14 मिलिमीटर. म्हणजे पाऊण बॉलला तुम्ही कडेच्या जितके आत होता तितकेच आता बाहेर.

कोन ओळखायचा कसा? घरातली कंपासपेटी काढा. 30-60 चा गुण्या टेबलावर ठेवून पांढरा, रंगीत बॉल आणि पॉकेट यांचा 30 अंशांचा कोन मांडा. गुण्याचा टोकदार कोपरा घोस्ट बॉलच्या मध्याच्या जागी येईल असा धरा, एक बाजू पॉकेटकडे आणि दुसरी बाजू पांढऱ्याची वाट पुढे वाढवली तर ती जिथून जाईल तिच्यावर. गुण्या उचलून पॉकेटच्या बाजूने एकदा बघा, पांढऱ्याच्या मागून एकदा बघा. मग क्यू कडेवर रोखा आणि मारा. गुण्या घेऊन पार्लरमध्ये गेलात तर लोक बघतील, बघू द्या. घड्याळाच्या डायलवर दोन आकड्यांमधला कोनही 30 अंशांचाच असतो, त्यामुळे थोड्या दिवसांत गुण्याशिवाय अंदाज येतो.

आता या पद्धतीची मर्यादा, कारण वादाचं मूळ इथे आहे. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड प्रमाणित टेबलावर साधारण साडेचार इंच, म्हणजे दोन बॉल मावतील इतकं. बॉलचा मध्य पॉकेटच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना 28 मिलिमीटरपर्यंत चुकला तरी चालतो. रंगीत बॉल पॉकेटपासून एक मीटरवर असेल तर ही सूट दोन्हीकडे मिळून जेमतेम 3.2 अंशांची. म्हणजे 0 ते 60 अंशांपर्यंतचे कट झाकायला अशा एकोणीसेक खिडक्या लागतात, आणि तुमच्याकडे आहेत चार. बॉल अर्ध्या मीटरवर आला की खिडकी दुप्पट होते आणि नऊ-दहा पुरतात. पॉकेटच्या तोंडाशी असेल तर चारही पुरेशा. म्हणून पाऊण-अर्धा-पाव हे मैलाचे दगड समजा. आधी सगळ्यात जवळचा दगड ओळखा, मग "अर्ध्यापेक्षा किंचित जाड" किंवा "पाव आणि अर्ध्याच्या मध्ये" असं मोठ्याने म्हणा आणि मारा. मोठ्याने म्हणण्याचा फायदा असा की शॉट चुकल्यावर काय चुकलं ते कळतं.

आणखी एक आकडा लक्षात असू द्या. सरळ शॉटमध्ये पांढरा एक मिलिमीटर बाजूला लागला तर रंगीत बॉलची दिशा एका अंशाने बदलते. एक मीटरवर साधारण 17 मिलिमीटर, बॉल तरीही आत जातो. अर्ध्या बॉलला तोच मिलिमीटर एक मीटरवर 20 मिलिमीटरची चूक करतो. 60 अंशांच्या कटला 35 मिलिमीटर, म्हणजे बॉल कुशनला लागून बाहेर. पातळ कट चुकला म्हणून सिस्टीम बदलणाऱ्यांना मी हाच हिशेब दाखवतो. तिथे दोष बहुतेक वेळा हाताचा असतो, आणि नवख्याने एक मीटर लांबचा पातळ कट घेण्यापेक्षा दुसरा बॉल निवडलेला बरा.

चौथी पायरी: बॉल जाड का जातो

घोस्ट बॉल बरोबर दिसला, पांढरा बरोबर तिथे गेला, तरी रंगीत बॉल पॉकेटच्या जाड बाजूला लागला, म्हणजे कट कमी पडला, असं तुम्हाला दिसेल. अनेकांचा नेमावरचा विश्वास इथे उडतो. कारण आहे घर्षण. पांढरा बॉल कट करताना रंगीत बॉलच्या पृष्ठभागावर घासून जातो आणि त्याला आपल्या जाण्याच्या दिशेने जरासा ओढतो. खेळाडू याला थ्रो म्हणतात. सावकाश मारलेल्या स्टन शॉटमध्ये, म्हणजे टक्करीच्या वेळी पांढरा पुढेही फिरत नाही आणि मागेही, तेव्हा अर्ध्या बॉलच्या आसपास थ्रो सगळ्यात जास्त असतो. तीन अंशही सहज होतात, आणि एक मीटरवर तीन अंश म्हणजे बॉल बाहेर. जोराने मारलं, किंवा पांढऱ्याला भरपूर फॉलो वा ड्रॉ, म्हणजे पुढची वा मागची फिरकी असली, तर थ्रो कमी होतो. मळलेल्या बॉलमध्ये जास्त होतो. चॉकचा कण नेमका टक्करीच्या जागी आला तर फारच.

हे डोळ्यांनी बघा. दोन रंगीत बॉल एकमेकांना चिकटवून ठेवा, दोघांची रेषा बरोबर पॉकेटच्या मध्यावर. आता पांढरा बाजूने आणून मागच्या बॉलला डाव्या अंगाला हळू मारा. भूमितीप्रमाणे पुढचा बॉल रेषेतच जायला हवा. तो उजवीकडे ओढला जाईल. मागचा बॉल उजवीकडे सरकताना पुढच्याला घासतो, म्हणून. आता बॉल स्वच्छ पुसून तोच शॉट पुन्हा मारा आणि फरक बघा. हा प्रयोग एकदा हाताने केलेला माणूस नेमावर वाद घालताना सावकाश बोलतो.

करायचं काय? मध्यम जोराच्या, नैसर्गिक लोळत्या शॉटवर सराव करा आणि कट जराजरासा पातळ घ्या. पावसाळ्यात कापड ओलावा धरतं, बॉल सावकाश चालतो, तेव्हा नवखा माणूस जोर वाढवतो आणि सगळे अंदाज बदलतात. त्या दिवसांत सुरुवातीची दहा मिनिटं फक्त कापडाचा वेग ओळखण्यात घालवा. साइडच्या नादी अजून लागू नका. टिप मध्याच्या बाजूला लागली की पांढरा आधी उलट दिशेला किंचित उडतो, मग वाटेत वळू शकतो, आणि टक्करीत साइड रंगीत बॉललाही ढकलते. तीन बदल एकदम शिकणं नको.

पाचवी पायरी: बाकीच्या सिस्टीम आणि वाद

इथवर आलात की तुम्हाला सेंटर टू एज हे नाव ऐकू येईल. लोक सीटीई म्हणतात. अमेरिकेतले हॅल हूल यांनी ती पसरवली आणि पुढे स्टॅन शफेट यांनी तिची तपशीलवार मांडणी केली. सांगायची पद्धत साधारण अशी: पांढऱ्याच्या मध्यापासून रंगीत बॉलच्या कडेपर्यंत एक रेषा बघा, पांढऱ्याच्या कडेपासून रंगीत बॉलवरच्या एका ठरावीक जागेपर्यंत दुसरी, दोन्ही एकदम दिसतील असे उभे राहा, टिप मध्यापासून थोडी बाजूला ठेवून खाली या आणि मग टिप मध्यावर फिरवा. कोन मोजायचा नाही, घोस्ट बॉल शोधायचा नाही. समर्थक म्हणतात, हे शुद्ध दिसणं आहे, अंदाज नाही.

विरोधकांत अमेरिकेतले यांत्रिक अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या बाजूचा मुद्दा वर मांडलेल्या खिडक्यांसारखाच आहे: मोजक्या ठरावीक मांडण्यांतून सगळे कोन निघू शकत नाहीत, उरलेला भाग खेळाडू स्वतः नकळत भरून काढतो. समर्थकांचं उत्तर असं की टेबलची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे, 100 बाय 50 इंच किंवा 88 बाय 44, आणि त्या चौकटीत बॉल जिथे असतील त्याप्रमाणे रेषा दिसण्यातच फरक पडतो.

हा वाद शब्दांनी सुटत नाही, टेबलावर मात्र बराच सुटतो. 26 अंशांचा कट मांडा, बॉल पॉकेटपासून मीटरभर. आता पांढरा आणि रंगीत, दोन्ही बॉल त्यांच्यातलं अंतर आणि दिशा तशीच ठेवून सात सेंटिमीटर बाजूला सरकवा, असे की कट 30 अंशांचा होईल. दोन बॉलचं आपसातलं चित्र तंतोतंत तेच आहे. पण पांढरा आता साडेतीन मिलिमीटर पातळ लागायला हवा. तुमची सिस्टीम हे साडेतीन मिलिमीटर कुठल्या पायरीवर देते? उत्तर देता आलं तर सिस्टीम ते काम करते. नाही आलं, आणि तरीही दोन्ही शॉट पडले, तर काम तुमच्या नजरेने केलं.

दुसरी चाचणी अजून कडक. जोडीदाराला पॉकेटसमोर चादर किंवा मोठं वर्तमानपत्र उभं धरायला सांगा, बॉल खालून जाईल इतकी फट ठेवून. कोन न बघता नेम धरता येतो असा दावा असेल तर पॉकेट न दिसताही बॉल जायला हवा. घोस्ट बॉलवाल्याने ही परीक्षा द्यायची गरज नाही, कारण त्याने पॉकेट बघायचं असतं हे कबूलच केलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: भूमितीच्या बाबतीत विरोधकांचं बरोबर. पण म्हणून सीटीई वापरणारा चांगला खेळाडू स्वतःला फसवतो आहे असं म्हणणंही चूक. ती पद्धत त्याला दर शॉटला एकाच जागी उभं करते, एकाच क्रमाने बघायला लावते, डोकं एकाच ठिकाणी आणते. दुसऱ्या प्रश्नाचं, नजरेच्या प्रश्नाचं, ते फार मोलाचं उत्तर आहे. फक्त नवख्याने तिथून सुरुवात करू नये, कारण चुकल्यावर का चुकलं ते त्याला समजणार नाही.

"डोळ्यांवर सोडा" म्हणणाऱ्यांबद्दलही एक सांगायला हवं. इंदुरातल्या भंवरकुव्याकडच्या एका पार्लरमध्ये असा वाद रंगला होता. मुलगा विचारत होता, "काका, सिस्टीम नाही म्हणता, मग बघता कुठे?"

"बॉलकडे."

"बॉलवर कुठे पण?"

काका खाली वाकले, नेम धरला आणि म्हणाले, "आता क्यूच्या पुढे बोट ठेव, सरळ रेषेत." मुलाने बोट नेलं. बोट रंगीत बॉलच्या कडेच्या बाहेर, एका बोटाच्या रुंदीवर थांबलं. मुलाने जादा बॉल घोस्ट बॉलच्या जागी ठेवला. त्याचा मध्य बरोबर बोटावर होता. काका क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "असं आहे का!" ते वर्षानुवर्षं पाव बॉलच मारत होते. कोणी तसं नाव देऊन शिकवलेलं नव्हतं. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं होतं, आणि बोट ठेवल्यावर ते दोन मिनिटांत दिसलं. तुमच्या पार्लरमध्ये वाद झाला तर बोट ठेवायला सांगा.

सरावाची मांडणी

पहिले दोन आठवडे सरळ शॉट आणि जादा बॉल ठेवून घोस्ट बॉल. पुढचे दोन आठवडे गुण्या घेऊन अर्धा बॉल, दोन्ही बाजूंचा. बहुतेकांचा एका बाजूचा कट दुसरीपेक्षा कच्चा असतो, तो कुठला ते वहीत लिहा. मग पाऊण आणि पाव. हे होईपर्यंत दुसरी सिस्टीम वापरू नका, व्हिडिओ बघायचे तर बघा. दुपारी पार्लर रिकामं असतं, टेबल निवांत मिळतं, शिवाय काही ठिकाणी दरही कमी असतो. संध्याकाळी मागे चार जण उभे असताना गुण्या ठेवून कोणी सराव करू शकत नाही.

वहीत प्रत्येक चुकलेल्या शॉटपुढे फक्त एक अक्षर: जाड चुकला तर "जा", पातळ चुकला तर "पा". पानभर "जा" दिसले तर पाहा की तुम्ही थ्रो सोडून दिला आहे किंवा अजून संपर्कबिंदूवरच मारता आहात. पानभर "पा" दिसले तर घोस्ट बॉल फार लांब धरता आहात. दोन्ही मिसळून आले तर नेम सोडा, पहिल्या पायरीवर जा आणि मधल्या डायमंडवर पांढरा मारत राहा.